साजा देदच्या कोंबड्या आणि अडकलेला जावई

द्रंगपोरात साजा देदला न ओळखणारा माणूस नाही आणि तिची बोलणी न खाल्लेली कोंबडी नाही. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, दिलशादा, लग्न होऊन खाली सोपोरला गेली. त्यानंतर घरात ऐकून घ्यायला कोंबड्याच उरल्या, आणि साजा देदकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. शेजारची हाजरा नळावर काय बोलली, मशिदीच्या छपराचं काम कुणी अर्धवट टाकलं, कुणाच्या सुनेनं मिठाच्या चहात दूध कमी घातलं, हे सगळं सकाळी कोंडा घालताना कोंबड्यांना कळतं. कोंबड्या बाहेर बोलत नाहीत. हाजरा बोलते.

चिल्ले कलानचे चाळीस दिवस लागले, म्हणजे नळ गोठले आणि छपराच्या कडेला बर्फाच्या काठ्या लोंबायला लागल्या, की साजा देदला दम म्हणून नसतो. कोंबड्या जिन्याखालच्या खुराड्यात. रोज सकाळी खालचा पेंढा बदलायचा. पाण्याच्या परातीवर बर्फ धरतो, म्हणून दिवसातून तीनदा कोमट पाणी. शलगमाची सालं उकडून त्यात भाताचा कोंडा आणि चिमूटभर तिखट. तुऱ्यांना मोहरीचं तेल चोळायचं, नाहीतर थंडीनं तुरा आधी निळा आणि मग काळा पडतो. अंगणात खाटेएवढी जागा झाडून तिथं राख पसरायची, कारण बर्फ दिसला की कोंबडी एक पाय वर धरून उभी राहते आणि आता हा कुठं ठेवू असं साजा देदकडे बघून विचारते.

"माझ्या डोक्यावर ठेव!" साजा देद म्हणते. "तेवढंच राहिलंय."

दिवस मावळला की शेवटचं काम. मातीच्या मडक्यात निखारे घ्यायचे, वर राखेची जाड गादी घालायची आणि मडकं खुराड्याच्या जाळीला टेकवून ठेवायचं. आत हात घालून बघायचं. हाताला जेमतेम ऊब लागली की पुरे.

त्या हिवाळ्यात खुराड्यात आठ कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा. कोंबडा दर्ग्याचा. दिलशादाला दिवस गेले होते, पहिली खेप होती, आणि ती सुखरूप सुटली तर कोंबडा दर्ग्यावर देईन असा साजा देदनं नवस बोलला होता. खूण म्हणून त्याच्या पायात तांबडा दोरा बांधला होता. दोरा बांधल्यापासून तो माजलाय, असं तिचं म्हणणं.

आठांपैकी पाच कोंबड्या दिलशादाच्या. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बाळंतिणीच्या पोटात चाळीस दिवस गावठी कोंबडीचा रस्सा गेला नाही तर तिची कंबर जन्मभर तक्रार करते, हे द्रंगपोरात लहान पोरालाही ठाऊक आहे. दुकानातली पांढरी कोंबडी त्या कामाची नाही. तिला स्वतःचीच कंबर धड नसते. साजा देदनं त्या पाचजणी वर्षभर राखल्या होत्या, कोल्ह्यापासून, घारीपासून आणि हाजराच्या मांजरापासून. उरलेल्या तीन वसंतात अंडी उबवायला. त्यात मुख्य म्हणजे काळी. काळीनं चार वर्षांत एकही अंडं वाया जाऊ दिलं नव्हतं. गावात निम्म्या कोंबड्या तिच्या लेकी नाहीतर नाती होत्या. हाजराच्या तर सगळ्याच.

डिसेंबर सरता सरता एका दुपारी जावई आला.

फिरदौस शाळेत गणित शिकवतो. उंच, किडकिडीत, बोलताना जमिनीकडे बघणारा. हिवाळ्याची सुट्टी होती, बायको माहेरी होती, म्हणून कुलच्यांचं पुडकं घेऊन नुसता डोकावायला आला होता.

"उद्या सकाळी निघतो," तो उंबऱ्यावरच म्हणाला. हे वाक्य पुढं गावात बरेच दिवस चाललं.

आता जावई दारात आला की कोंबडी कापायची, हे आमच्याकडे कुणी लिहून ठेवलेलं नाही. तशी गरजच पडली नाही. साजा देदनं पाचांतली लंगडी उचलली आणि हाजराच्या नवऱ्याला, कादिर काकला हाक मारली. बाई सुरी चालवत नाही, आणि जावयाला त्याच्याच पानातली कोंबडी कापायला सांगणं म्हणजे गाव सोडून जाण्याची तयारी ठेवणं. कादिर काक आला, बिस्मिल्ला म्हणाला, आणि निरोप घेताना मान आणि काळीज फडक्यात बांधून घेऊन गेला. तो त्याचा हक्क.

फिरदौस जेवायला बसला. साजा देदनं तंगडी वाढली.

"बस, बस," फिरदौस म्हणाला.

बस म्हणणाऱ्याला आणखी वाढायचं असतं. साजा देदनं दुसरी तंगडी वाढली.

सकाळी दार ढकललं तर ते उघडेना. बाहेर छातीएवढा बर्फ पडला होता आणि अजून पडतच होता. खालचा रस्ता बंद. किती दिवस, ते रस्त्यालाच माहीत. फिरदौस खिडकीपाशी निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसला आणि शरमेनं अर्धा झाला.

"राहा की हो, फिरदौस साहेब," साजा देद म्हणाली. "तुमचंच घर आहे."

स्वयंपाकघरात येऊन तिनं खुराड्याकडे बघितलं आणि कोंबड्या बोटांवर मोजल्या. जावई म्हटला की एक दिवस. फार तर दोन. जावई आठवडाभर राहिला तर काय वाढायचं हे तिला तिच्या सासूनं सांगितलं नव्हतं, कारण सासूवर तशी वेळ आली नव्हती.

"मोज, त्याला हाख वाढ," दिलशादा आईला म्हणाली. भिंतीला टेकून, पाय पसरून, ती शलगम सोलत होती. "घरी तो रोज पालेभाजी-भातच खातो."

"घरी काय खातो ते त्याच्या आईनं बघावं. इथं तो जावई आहे."

"अगं, पण माझ्या कोंबड्या संपतील!"

"तुझ्या नवऱ्याच्याच पोटात जातायत ना? बाहेर कुठं जात नाहीत."

असं म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिनं कोंबड्यांना कोंडा घातला तेव्हा काही बोलली नाही. कोंबड्यांना ते जरा वेगळं वाटलं असावं. त्या खायच्या थांबल्या.

तिसऱ्या दिवशी तांबडी गेली. पाचव्या दिवशी बसकी. कादिर काक आता बोलवायची वाट बघत नसे. सकाळी कुंपणावरून डोकावायचा.

"जावई गेला का गं?"

"बर्फातून उडत जाईल का?"

"नाही, म्हटलं सुरी बाहेर काढून ठेवतो. ऐनवेळी गोठलेली असते."

फिरदौस खिडकीतून सगळं बघत होता. दुसरं बघायला होतंच काय? झाडलेल्या त्या खाटेएवढ्या जागेत सकाळी कोंबड्या यायच्या आणि दिवसाआड एक कमी व्हायची. वजाबाकी त्याला शिकवावी लागत नव्हती. दिलशादानं त्याला एकदा गाठून विचारलं, तू सांगत का नाहीस तिला?

"काय सांगू? तुमच्याकडचं जेवण नको म्हणू?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "उद्या गावभर होईल, जावयाला घास गोड लागला नाही."

तरी सहाव्या दिवशी त्यानं धीर केला. जेवताना हात आखडता घेतला आणि म्हणाला, "आज जरा पोट जड वाटतंय."

साजा देद ताडकन उठली. पोट जड म्हणजे रस्साच हवा. तिनं तासाभरात कादिर काकला बोलावलं, तुरेवाली कापली, आणि नुसत्या आलं-लसणात शिजवून वाडगा फिरदौसपुढं ठेवला. तो मुकाट्यानं प्यायला. पोट जड वाटतं असं त्यानं पुन्हा कधी म्हटलं नाही.

आठव्या दिवशी पाचांतली शेवटची गेली. दहाव्या दिवशी वसंतासाठी ठेवलेल्या तिघींतली एक. खुराड्यात उरली काळी, तिची चितकबरी लेक आणि नवसाचा कोंबडा.

दहाव्या रात्री आभाळ निवळलं आणि कडाक्याची थंडी पडली. घरात कोळसा तळाला आलेला. जो होता तो जावयाच्या कांगडीत आणि त्याच्या खोलीतल्या शेगडीत गेला, कारण जावई कुडकुडला असं कुणी म्हटलेलं तिला चाललं नसतं. खुराड्याच्या मडक्यात त्या संध्याकाळी राखच जास्त होती. साजा देदनं हात घालून बघितलं. ऊब लागल्यासारखी वाटली. वाटली म्हणजे तिनं तशी मानून घेतली.

सकाळी चितकबरी पेंढ्यात कडक होऊन पडली होती. सुरी न लागता मेलेली कोंबडी जावयाच्याही कामाची नाही आणि बाळंतिणीच्याही. साजा देदनं ती फडक्यात गुंडाळली, अक्रोडाखाली बर्फ उकरून ठेवली आणि परत येऊन जिन्यावर बसली. तिला रडू आलं. अकरा वर्षांत एकही कोंबडी तिनं थंडीनं जाऊ दिली नव्हती. नवरा गेला त्या हिवाळ्यातसुद्धा नाही.

"माझ्याच हातानं," ती काळीला म्हणाली. "माझ्याच हातानं गं."

मग तिनं काळीला आणि कोंबड्याला उचललं आणि सरळ स्वयंपाकघरात आणलं, जिथं चुलीपाशी सगळे बसायचे. जावयासमोर कोंबड्या आणणं हे काही शोभण्यासारखं नव्हतं. पण आता शोभा बघायला उरलं होतं काय? कोंबड्यानं फिरदौसकडे एकदा तिरकं बघितलं आणि तो लाकडांच्या ढिगावर जाऊन बसला. काळी मात्र चालत चालत फिरदौसपाशी आली, त्याच्या अंगातल्या पायघोळ फेरनाच्या घेरावर बसली आणि तिनं डोळे मिटले. आत कांगडी होती. चार वर्षांची कोंबडी, तिला ऊब कुठं आहे ते कळतं.

फिरदौस हलला नाही. दुपारभर हलला नाही. चहासुद्धा त्यानं डाव्या हातानं घेतला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कोंबडीचा दिवस होता.

कोंबडा दर्ग्याचा, त्याला हात लावणं शक्य नव्हतं. दिलशादाचं पोट खाली उतरलं होतं, आता आजउद्यावर आलं होतं, आणि नवस मोडायचा म्हणजे काय? तेव्हा उरली काळी. साजा देद पहाटेपासून भांडी घासत होती, घासलेलीच पुन्हा घासत होती. काळी गेली की बाळंतिणीला रस्सा नाही, वसंतात पिल्लं नाहीत, आणि सकाळी कोंडा घालताना बोलायला कुणी नाही. पण जावयाला हाख वाढला तर? हाजरानं तो नळावर नेला असता. पाणी गोठलेलं असलं तरी नेला असता.

"कादिर काकला हाक मार," ती शेवटी दिलशादाला म्हणाली.

कादिर काक सुरी पुसत आत आला. काळी कुठं दिसेना. चुलीमागं बघितलं, लाकडांत बघितलं, खुराड्यात बघितलं. दिलशादानं बसल्या जागेवरून मडक्यांच्या मागं डोकावल्यासारखं केलं. फिरदौस खिडकीपाशी फेरनात गुरफटून बसला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

"दार उघडं राहिलं असेल," कादिर काक म्हणाला. "कोल्हा असेल."

तेवढ्यात फिरदौसच्या पोटातून आवाज आला. क्क्‌. क्क्‌ क्क्‌.

चहाच्या समावारात पाणी उकळत होतं. फिरदौसचे कान लाल झाले, पण नजर कॅलेंडरवरून हलली नाही. कादिर काकनं त्याच्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं. जावयाच्या फेरनात काय आहे हे विचारणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय.

"आभाळ निवळलंय बघ," कादिर काक म्हणाला.

"हो," साजा देद म्हणाली. "थंडी मात्र आहे."

"थंडी आहे." त्यानं सुरी कमरेला खोचली. "कोल्हाच असणार." आणि या खेपेला फडकं रिकामंच घेऊन गेला.

साजा देदनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग ती अंगणात गेली, बर्फाखालून हाखची पानं उकरून आणली आणि मोहरीच्या तेलात, हिरवी मिरची टाकून शिजवली. ताट जावयापुढं सरकवलं. फिरदौसनं पहिला घास घेतला, मग दुसरा. ताट संपलं. तिनं आणखी वाढलं. तो बस म्हणाला नाही. तिसऱ्यांदा वाढलं तेव्हाही म्हणाला नाही. बारा दिवसांत हा माणूस पहिल्यांदाच जेवला, हे साजा देदनं बघितलं. पण त्याचा अर्थ काय, ते तिच्या मनात उतरायला वेळ लागला.

त्या दुपारनंतर दिलशादाच्या कळा सुरू झाल्या. गावातली नर्स कमरेएवढ्या बर्फातून आली आणि दिवेलागणीला मुलगी झाली. काळ्याभोर केसांची, आणि आवाज असा की लाकडांवरचा कोंबडा खाली उतरला.

दुसऱ्या सकाळी फिरदौसचं अंथरूण रिकामं होतं.

बूट नव्हते. कुलच्यांचं रिकामं पुडकंही नव्हतं. फाटकापासून खाली, रस्ता असायला हवा तिथं, पावलांचे खड्डे गेलेले. साजा देदनं ते दिसेनासे होईपर्यंत बघितले. हाख वाढला होता. काल हाख वाढला होता तिनं, आणि वर झाली मुलगी, आणि जावई न बोलता निघून गेला.

हाजरा दुपारपर्यंत दोनदा विचारपूस करून गेली.

"रुसला का गं? नाही, आपलं विचारते. काल कादिर म्हणाले तुमच्याकडे पाला शिजत होता."

"तुझ्या पोरीचा नवरा आला होता तेव्हा कोंबडी माझीच नेली होतीस," साजा देद म्हणाली. "ती आधी आणून दे, मग विचार."

पण हाजरा गेल्यावर तिनं दिलशादापाशी येऊन विचारलं, "काही बोलला का तो?"

दिलशादानं मुलीच्या तोंडाकडे बघितलं. "येईल, मोज."

"येईल? पोरी, बर्फात माणूस जातो कशाला? यायला?"

दिलशादानं मुलीला जवळ ओढून घेतलं. ती दूध-तूप घेत होती, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिसऱ्या दिवशी बसताना तिला घेरी आली तेव्हा साजा देदनं ठरवलं. आता पोरीच्या पोटात रस्सा जायलाच हवा, दुसरं काही नाही. काळी चुलीपाशी बसली होती. साजा देदनं तिला उचललं, पोटाशी धरलं आणि तिच्या तुऱ्याला तेल चोळलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता, तरी चोळलं.

"पुष्कळ केलंस," ती तिला म्हणाली. "माझ्यासाठी कुणी एवढं केलं नाही."

ती काळीला घेऊन अंगणात आली. कुंपणापलीकडे कादिर काक सुरी घेऊन उभा होता, पण तो तिच्याकडे बघत नव्हता. खालच्या बाजूला बघत होता.

"कोण गं तो?" तो म्हणाला.

फाटकाशी एक माणूस येत होता. गुडघ्यापर्यंत बर्फ, भुवया पांढऱ्या, ओठ फुटलेले, पाठीवर विलोच्या फोकांची मोठी टोपली, वर जुनी घोंगडी. घोंगडीच्या भोकातून एक पिवळी चोच बाहेर आली होती आणि शिव्या देत होती.

फिरदौसनं टोपली खाली ठेवली. आत सहा कोंबड्या होत्या.

"आईच्या आहेत," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गावठी. खालच्या बाजारापर्यंत चालत गेलो, पुढं गाडी मिळाली. येताना गाडीवाला म्हणाला, माणूस नेतो, कोंबड्या नाही. मग शेवटचं चाललो."

"सांगून का नाही गेलात?" साजा देद म्हणाली.

"मी त्याला म्हटलं सांगू नकोस," खिडकीतून दिलशादा ओरडली. "सांगितलं असतं तर वाटेच्या शिदोरीला तू काळी कापली असतीस!"

ते खरं होतं.

साजा देदनं टोपलीत बघितलं. सहाही धडधाकट, दोन तर तरण्या. एक दिलशादाच्या आजच्या रस्स्याला, बाकी चाळीस दिवसांना पुरून उरतील. मग तिनं समोर बघितलं. जावई दारात उभा होता. दोन दिवस बर्फ तुडवून आलेला, नव्यानं आलेला जावई. तिचा हात आपोआप टोपलीत गेला आणि त्यातली सगळ्यात जाड कोंबडी पायाला धरून तिनं वर काढली. कादिर काकनं सुरी पुढं केली. खिडकीत दिलशादानं कपाळावर हात मारला.

"ही दिलशादाला," फिरदौस म्हणाला. तो पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून बोलत होता. "मला नको. मला हाख वाढ, मोज. भूक लागलीय."

द्रंगपोरात जावई सासूला मोज म्हणत नाही. आणि जेवायला काय हवं ते कुठलाच जावई सांगत नाही. ते पोटच्या पोरानं सांगायचं असतं, आणि साजा देदला पोरगा नव्हता. ती उलटी कोंबडी हातात धरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते तिनं पुसलंही नाही. हात मोकळे नव्हते.

मग ती कोंबडी तिनं कादिर काककडे दिली आणि काळीला फिरदौसच्या हातात.

"हाख होईपर्यंत तिथं काय उभा राहिलायस?" ती म्हणाली. "आत जा, खुराड्यातला पेंढा बदल. पाणी कोमट घाल, गरम नको. आणि तुऱ्यांना तेल लाव सगळ्यांच्या, वाटेत गारठल्या असतील. सांगितल्याशिवाय कळत नाही का?"

कुंपणापलीकडे हाजरा आली होती. जावयाला कामाला जुंपलेलं तिनं तोंड उघडं टाकून बघितलं. फिरदौसनं काळीला फेरनात घातलं, टोपली उचलली आणि जिन्याखाली वाकला.